खोटी बोंब आणि खरा चोर



मागच्या हंगामात आमच्या एका तालुक्यातल्या कापूस गटाचा हिशेब एका सकाळी बुडाला. पाऊस आला नव्हता, गंजीला आग लागली नव्हती, व्यापारी पळून गेला नव्हता. मोबाईलच्या पडद्यावर एक लाल पाटी आली, एवढेच झाले.

गट ४३ शेतकऱ्यांचा. वेचणीचा कापूस एकत्र करून जिनिंगवर न्यायचा, काट्यावरचे वजन, कट्टी, तोलाई, हमाली सगळे ज्याचे त्याने आपल्या फोनवर टिपायचे, असे ठरले. त्यासाठी गावातल्याच एका पोराने ॲप बनवून दिले. पोरगा हुशार, कॉम्प्युटर शिकलेला. त्याने ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली आणि सगळ्यांनी ती बसवून घेतली. दीड महिना काम चोख चालले. मग एक दिवस ज्यांच्या फोनवर अँटिव्हायरस होता त्यांच्या पडद्यावर इंग्रजीत पाटी झळकली : हे ॲप धोकादायक आहे, ताबडतोब काढून टाका. खाली एकच ठळक बटण, काढून टाकण्याचे. १९ जणांनी ते दाबले. त्यांतल्या ११ जणांच्या नोंदी रेंज नसल्यामुळे अजून फोनातच होत्या. ॲपबरोबर त्याही गेल्या. पुढे हिशेबपट्टी आली तेव्हा वजनात फरक निघाला. समोरच्याच्या वहीत एक आकडा, आमच्या माणसाच्या डोक्यात दुसरा. वहीपुढे डोके टिकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

नंतर चौकशी केली तर ॲपमध्ये विषाणू वगैरे काही नव्हते. बोंब खोटी होती.

गोष्ट इथेच संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. दोन महिन्यांनी त्याच गटातल्या एका भावाच्या फोनवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल आली. उघडायला गेला तर पुन्हा लाल पाटी. तो म्हणाला, “मागच्या वेळीही हे असेच बोंबलले होते.” आणि ‘तरीही बसवा’ वर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कापसाच्या चुकाऱ्याचे ६२ हजार रुपये खात्यातून गेले होते. या वेळी बोंब खरी होती.

पहिल्या चुकीत नोंदी गेल्या. दुसऱ्या चुकीत पैसा गेला. दुसरी चूक पहिलीच्या पोटातून आली. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. त्या गोष्टीत खोटे ओरडणाऱ्या पोराला शिक्षा मिळते. इथे ओरडणारा सुखरूप राहिला आणि शिक्षा मेंढ्यांच्या मालकाला झाली.

हा विषय इथे कशाला?

कोणी म्हणेल, कापसाच्या भावाचे, ज्वारीच्या खरेदीचे बोला, मोबाईलच्या भानगडी शहरातल्यांना राहू द्या. पण मोबाईल आता हौसेची वस्तू राहिलेला नाही. ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून पेऱ्याची नोंद आपणच आपल्या फोनवरून करायची आहे. २०२५-२६ च्या हंगामात कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला. पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर त्या भावाने कापूस घालायचा तर आधी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करा, असे सांगण्यात आले. म्हणजे हमीभावाच्या दाराला मोबाईलची कडी लागली. अशा वेळी फोनातला राखणदार भल्या ॲपला चोर म्हणून हाकलू लागला, किंवा चोराला भला समजून आत घेऊ लागला, तर त्याची किंमत क्विंटलमध्ये मोजावी लागते. म्हणून हा विषय जिल्हा बैठकीचा आहे.

राखणदार चोर ओळखतो कसा?

जोंधळा हुरड्यावर आला की आपण माळा उभारतो आणि वर गोफण घेऊन राखणदार बसवतो. त्याने पाखरे हाकावीत. आता त्याने चुलीवरची भाकरी घेऊन बांधावरून येणाऱ्या घरधनिणीलाच धोंडा मारला तर? अँटिव्हायरसचे कधी कधी असेच होते. का होते, ते समजून घेऊ. अवघड काही नाही.

या राखणदाराच्या ओळखण्याच्या चार-पाच रीती आहेत. पहिली रीत ओळखखुणेची. आधी सापडलेल्या चोर ॲपमधला एखादा तुकडा तो आपल्या यादीत लिहून ठेवतो. पुढे ज्याच्यात तो तुकडा दिसेल तो चोर. पण खूण फार आखूड घेतली की फसगत होते. ‘उजव्या गालावर तीळ’ एवढ्याच वर्णनावर निघालेला शिपाई निम्मे गाव धरून आणील.

दुसरी रीत वागणुकीची. ॲप कशाकशाची परवानगी मागते? तुमचे एसएमएस वाचू दे म्हणते का? दुसऱ्या ॲपच्या पडद्यावर काय चालले आहे ते पाहू दे म्हणते का? बँकेचा ओटीपी एसएमएसमध्ये येतो. म्हणून एसएमएस वाचू पाहणाऱ्याकडे राखणदार संशयाने बघतो. संशय योग्य आहे. पण एसएमएस वाचणारा प्रत्येक जण चोर नसतो.

तिसरी रीत पतीची. लाखो फोनांवर असलेले, जुन्या नावाजलेल्या कंपनीचे ॲप म्हणजे पत असलेला माणूस. गावातल्या पोराचे ४३ फोनांवरचे ॲप म्हणजे गावात काल आलेला परका. त्याने काही केलेले नसते, पण कोणी ओळखत नाही हाच गुन्हा ठरतो.

चौथी गोष्ट उसनवारीची. ॲप बनवणारे सगळेच स्वतः लिहीत नाहीत. जाहिराती दाखवायचा, नकाशा दाखवायचा भाग दुसऱ्याकडून तयार आणून जोडतात. तो भाग उद्या बदनाम झाला की तो ज्या ज्या ॲपमध्ये जोडला असेल ती सगळी संशयात येतात. बियाण्याच्या एका गोणीत तणाचे बी निघाले की तो सगळा लॉटच बाजूला ठेवतात, तसे.

आणि पाचवी रीत हल्लीची, यंत्रालाच शिकवण्याची. हजारो चोर आणि हजारो साव त्याला दाखवायचे आणि म्हणायचे, आता तूच ओळख. ते बरेचदा बरोबर ओळखते. पण चुकले तर का चुकले हे बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

मोठ्यांच्याही बाबतीत घडले आहे

हे फक्त गावातल्या पोराच्या ॲपला होते असे समजू नका. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अमेरिकन कंपनीच्या अँटिव्हायरसने नवी यादी पाठवली. त्या यादीने विंडोज एक्सपी या कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्यवस्थेचीच एक गरजेची फाइल विषाणू ठरवली. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा बंद पडायचे. दवाखाने अडले, ऑस्ट्रेलियात एका मोठ्या दुकानसाखळीचे गल्ले बंद पडून काही दुकानांना टाळे लावावे लागले. १९ सप्टेंबर २०१२ रोजी सोफोस या ब्रिटिश कंपनीच्या अँटिव्हायरसने तर स्वतःचाच यादी आणणारा भाग विषाणू म्हणून धरला. राखणदाराने आरशात पाहिले आणि चोर चोर म्हणून ओरडला! त्यातली पंचाईत अशी की चूक दुरुस्त करणारी नवी यादी ज्या दाराने यायची तेच दार त्याने लावून घेतले होते.

मोबाईलवरचे उदाहरण अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस हुवावे, ऑनर आणि विवो कंपन्यांच्या काही फोनांवर अशी सूचना येऊ लागली की गूगलचे मूळ ॲपच चोरून एसएमएस पाठवणारा विषाणू आहे, काढून टाका. ज्या गूगलने अँड्रॉइड बनवले त्याचेच ॲप! ॲव्हास्ट कंपनीने पुढे कबूल केले की त्यांच्या अँटिव्हायरसची ती चूक होती. काही दिवसांत दुरुस्ती झाली. गूगल होते म्हणून जगभर बातमी झाली आणि दुरुस्ती लवकर झाली. आमच्या ४३ जणांच्या ॲपची बातमी कोण छापणार?

शंभरात नव्याण्णव बरोबर, तरी बहुतेक बोंबा खोट्या

आता थोडा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा एका तालुक्यातल्या फोनांवर मिळून १०,००० ॲप आहेत. त्यांतली १० खरोखर चोर आहेत, ९,९९० साव. राखणदार इतका तरबेज की चोर एकही सोडत नाही आणि साव ओळखण्यात शंभरात फक्त एकदा चुकतो. ऐकायला केवढे चांगले! पण पाहा. १० चोर धरले. ९,९९० सावांपैकी शंभरात एक म्हणजे सुमारे १०० साव धरले. एकूण बोंबा ११०, त्यांत खऱ्या १०. राखणदार निष्णात असूनही अकरा बोंबांत दहा खोट्या. कारण गावात चोर थोडे आहेत आणि साव पुष्कळ.

आता दुसरा ढीग घ्या. व्हॉट्सॲपवर पत्रिका, चलान, बँकेची केवायसी, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी फिरणाऱ्या १०० फाइली. समजा त्यांतल्या ५० चोर आहेत. तोच राखणदार, तीच हुशारी. इथे तो ५० चोर धरील आणि ५० सावांपैकी फार तर एखाद्याला चुकून धरील. म्हणजे इथली जवळजवळ प्रत्येक बोंब खरी.

या हिशेबाचा अर्थ नीट लक्षात घ्या. बोंब खरी की खोटी हे नुसत्या बोंबेवरून कळत नाही. ॲप कुठून आले त्यावरून पुष्कळसे कळते. आमच्या त्या भावाने दोन्ही बोंबा एकाच तागडीत घातल्या. पहिली दीड महिना चाललेल्या, माहीतगाराने दिलेल्या ॲपवरची होती. दुसरी अनोळखी नंबरवरून आलेल्या फाइलवरची. दोन्ही पाट्या लाल होत्या, पण दोन्हींचे वजन एक नव्हते.

आपल्याला हे नवीन नाही

कृषी महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा आम्हीही अशाच बोंबा मारत फिरत होतो. पऱ्हाटीवर किडा दिसला की औषध लिहून द्यायचे. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी, दिसायला ओंगळ. शेतकरी पानावर धरून आणायचा, साहेब ही कोणती कीड? ती मावा खाणारी, आपली मैत्रीण. पण तिला बघून कितीतरी फवाऱ्या झाल्या. मित्रकीटक मेले आणि मागून मावा दुपटीने आला. पऱ्हाटीची पाने लाल झाली की रोग म्हणून बुरशीनाशक मारले. लाल्या अनेकदा मॅग्नेशियमच्या, नत्राच्या कमतरतेने येतो, त्याला बुरशीनाशक काय करणार? चोर सोडून संन्याशाला सुळी!

मग शास्त्राने काय शिकवले? आर्थिक नुकसानीची पातळी पाहा. एक पतंग दिसला म्हणून फवारू नका. कामगंध सापळे लावा, रोज मोजा. गुलाबी बोंडअळीचे सरासरी ८ पतंग एका सापळ्यात सलग ३ दिवस आले तर उपाय करा. हिरवी बोंडे फोडून आत अळी आहे का पाहा. म्हणजे आधी निरीक्षण, मग मोजणी, मग निर्णय. आणि त्याचबरोबर हेही शिकवले की पातळी ओलांडल्यावर हात बांधून बसलात तर बोंड हातचे जाते. मोबाईलवरच्या लाल पाटीला यापेक्षा वेगळे शास्त्र लागत नाही.

चुकीचा भुर्दंड कोणावर?

पण एक प्रश्न उरतोच. राखणदार खोटे ओरडायला इतका तयार का असतो?

औषध दुकानदाराने गरज नसताना फवारणी सांगितली तर त्याला कोणी जाब विचारत नाही. पीक चांगले आले तर औषधाचे नाव होते. नाही आले तर हवामानाचे. फुकट गेलेल्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर पडतो. पण ‘फवारू नका’ म्हणाला आणि कीड पडली तर तोच धरला जातो. मग तो काय सांगणार?

अँटिव्हायरस कंपनीचे गणित हेच आहे. एक खरा विषाणू सुटला तर तिची बदनामी. एक भले ॲप चुकून मारले तर तोटा ॲप बनवणाऱ्या पोराचा आणि वापरणाऱ्या शेतकऱ्याचा. कंपनीचा एक पैसाही जात नाही. ज्याच्या चुकीचा दंड दुसरा भरतो तो सावध कशाला राहील? शेतमालाच्या बाजारात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

निखालस दोष देणेही बरोबर नाही. या धंद्यात तोलून मापणारेही आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था अँटिव्हायरसची चाचणी घेताना किती चोर धरले याबरोबर किती साव चुकून धरले तेही मोजून छापते. वाणाची चाचणी घेताना उत्पन्नाबरोबर रोगाला बळी पडण्याचे प्रमाणही पाहतात, तशीच ही रीत. महाराष्ट्रालाही हे क्षेत्र परके नाही. पुण्यात कैलास काटकर यांनी दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हील उभी केली. राखण हवीच आहे. प्रश्न राखणदाराच्या जबाबदारीचा आहे.

आमचीही चूक होती

दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. ॲपची बोंब खोटी होती, पण ती यावी असे आम्ही स्वतःच वागलो होतो.

एक, आम्ही ॲप व्हॉट्सॲपवरून वाटले. चोर वाटतात त्याच वाटेने. गटातल्या ४३ जणांना आम्ही नकळत एक वाईट सवय लावली : ओळखीच्याने पाठवलेली फाइल बसवायची. चोराने तिचाच फायदा घेतला. दोन, त्या पोराने चुकारा जमा झाल्याचा बँकेचा मेसेज ॲपने आपोआप टिपावा म्हणून एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली होती. हेतू चांगला, पण वजनाच्या वहीला बँकेच्या मेसेजशी काय करायचे? तीन, नोंदीची दुसरी प्रत ठेवली नव्हती. दहा रुपयांची वही काट्यावर नेली असती तर ११ जण उघडे पडले नसते.

पुढे त्याने ती परवानगी काढून टाकली. अँटिव्हायरस कंपनीकडे चुकीच्या बोंबेची तक्रार करायची सोय असते, तिथे फाइल पाठवली. नऊ दिवसांनी नवी यादी आली आणि पाटी गेली. कारण कळवले नाही, दिलगिरीही नाही.

आणखी एक बाब ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने जाहीर केले की भारतात प्ले स्टोअरच्या बाहेरून, मेसेज किंवा ब्राउझरवरून आलेली ॲप एसएमएस वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागत असतील तर त्यांना बसू न देण्याचा प्रयोग केला जाईल. चोरांना आळा बसण्यासाठी हे बरेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने पुढचे पाऊल सांगितले. ज्या बनवणाऱ्याने आपली ओळख पटवलेली नाही त्याचे ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाही, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, नंतर इतरत्र. पुढे जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असेही कंपनीने सांगितले. शेतकऱ्यांच्या गटांनी आतापासून जागे व्हावे. आपल्या गावचे ॲप रीतसर नोंदवून, प्ले स्टोअरवरून वाटायची तयारी ठेवावी. नाहीतर आपली वही कोणाच्या तरी एका मंजुरीवर अडकेल.

लाल पाटी आली तर

बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवा.

१. घाईने काहीच दाबू नका. ‘काढा’ही नको, ‘बसवा’ही नको. दुसऱ्या फोनने पाटीचा फोटो काढा. कोणत्या ॲपवर बोंब आहे आणि कोण बोंबलतो आहे, फोनचा आपला राखणदार की वेगळा बसवलेला, ते पाहा.

२. इंटरनेटवर काही वाचताना मध्येच ‘तुमच्या फोनात १३ विषाणू आहेत, इथे दाबा’ अशी पाटी आली तर ती राखणदाराची नसते, बहुधा जाहिरात असते, किंवा चोरच राखणदाराचा सदरा घालून आलेला असतो. ते पान बंद करा.

३. ॲप कुठून आले? मेसेजमधून, व्हॉट्सॲपमधून आलेल्या फाइलवर बोंब आली तर वाद घालू नका, बसवू नका, पुसून टाका. पाठवणारा भाचा असला तरी. भाच्याचा फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. सरकारी योजनेचे ॲप व्हॉट्सॲपवरच्या फाइलीतून कधीच घेऊ नका.

४. प्ले स्टोअरवरून घेतलेले, बरेच दिवस नीट चाललेले ॲप आज अचानक चोर ठरले तर बोंब खोटी असण्याचा संभव जास्त. पण खात्री नाही. बारकोड स्कॅनर नावाचे एक ॲप एक कोटीहून जास्त फोनांवर वर्षानुवर्षे सरळ चालत होते. २०२० च्या डिसेंबरात नवी आवृत्ती आली आणि ते बिघडले, नको त्या जाहिराती उघडू लागले. जुना गडी आहे म्हणून डोळे मिटू नका. उलगडा होईपर्यंत त्या फोनवरून पैशाचा व्यवहार थांबवा.

५. दुसऱ्याचे मत घ्या. व्हायरसटोटल नावाची सोय आहे. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे. तिथे ॲपची फाइल दिली की साठ-सत्तर वेगवेगळे राखणदार एकाच वेळी ती तपासतात. एक-दोघेच ओरडले तर बोंब खोटी असू शकते. पंधरा-वीस ओरडले तर प्रश्नच मिटला. नवा चोर मात्र सुरुवातीला थोड्यांनाच ओळखू येतो, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका. तालुक्यातल्या एका जाणत्या पोरावर हे काम सोपवा.

६. परवानग्या तपासा. वजनाच्या ॲपला एसएमएस कशाला? हवामानाच्या ॲपला तुमचे नंबर कशाला? उत्तर मिळत नसेल तर परवानगी बंद करा.

७. ॲप काढायचेच ठरले तर आधी आतल्या नोंदी वहीत उतरवून घ्या.

८. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलात तर पैसे हाताबाहेर जातात. फसवला गेलेला माणूस मूर्ख नसतो. त्याला हसणारे मात्र चोराची मदत करतात.

आमचे म्हणणे

शेवटी मागणीचे. या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवत आहोत. त्यावर भांडा, दुरुस्ती सुचवा, पण चर्चा करा.

पहिले, आमच्या फोनवर जी पाटी येईल ती आमच्या भाषेत यावी आणि तिच्यात कारण लिहिलेले असावे. ‘धोकादायक’ एवढाच शब्द पुरत नाही. ‘हे ॲप तुमचे मेसेज वाचू पाहते’ असे लिहिले तर शेतकरी स्वतः ठरवील. त्याला अक्कल आहे.

दुसरे, ‘संशय आहे’ आणि ‘खात्री आहे’ या दोन पाट्या वेगळ्या असाव्यात. सगळ्याच लाल केल्या की लालची किंमत जाते.

तिसरे, खोट्या बोंबेची तक्रार कुठे करायची ते त्याच पाटीवर असावे, आणि उत्तर ठरलेल्या मुदतीत, कारणासह मिळावे. बनवणारा लहान की मोठा हे पाहू नये.

चौथे, चूक सिद्ध झाली तर ज्यांना ज्यांना खोटी पाटी गेली त्या सगळ्यांना ‘आमची चूक झाली’ अशी दुसरी पाटी जावी आणि नुकसान भरून द्यावे. हे अशक्य नाही. २०१० च्या घोटाळ्यानंतर मॅकॅफीने घरगुती ग्राहकांच्या दुरुस्तीचा वाजवी खर्च देण्याची तयारी दाखवली होती. तिथल्या ग्राहकाला जे मिळू शकते ते इथल्या शेतकऱ्याला का नाही?

पाचवे, ज्या सरकारी कामाला ॲपची सक्ती आहे तिथे कागदाची वाट खुली असावी. फोनातल्या राखणदाराच्या चुकीने शेतकऱ्याची नोंदणी हुकली तर तो नोंदणीचा गुन्हेगार ठरू नये.

आणि सहावे आपल्या स्वतःसाठी : गटाचे ॲप यापुढे व्हॉट्सॲपवरून वाटायचे नाही, गरजेपेक्षा जास्त परवानगी मागायची नाही, आणि काट्यावर वहीशिवाय जायचे नाही.

तो भाऊ, ज्याचे ६२ हजार गेले, परवा भेटला. आम्ही म्हटले, आता लाल पाटी आली तर काय करशील? म्हणाला, “सापळ्यातले पतंग मोजल्याशिवाय फवारणार नाही, आणि मोजल्यावर थांबणार नाही.” धडा त्याने घेतला. पण फार महाग घेतला. बाकीच्यांनी तो फुकट घ्यावा, म्हणून हे चार कागद.